मार्जिन कशाचं

२२ सप्टेंबर २०२५, सोमवार

घट बसले. आजपासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, वरचा सेसही गेला. सकाळपासून भाच्याचे फोन चालू आहेत, "मावशी, आता नवीनच घे." हिंजवडीत बसून त्याला सगळं सोपं वाटतं. माझं गणित साधं आहे. साडेचार लाखांच्या वर जायचं नाही, कर्ज काढायचं नाही आणि सातारा-कोरेगाव रोज जाऊन-येऊन करायचं. एसटीची वेळ आणि शाळेची वेळ यंदा काही केल्या जुळत नाही. सहा-सात वर्षं वापरलेली, पेट्रोलवरची छोटी गाडी मला पुरे.

नवी गाडी उतरली की जुनीलाही उतरावं लागतं. आवारात आधीच भरून ठेवलेल्या गाड्या डीलरांना आता जुन्या भावात खपवता येणार नाहीत. म्हणजे थांबले ते बरंच झालं. गाडी कोणती, हे जवळजवळ ठरलंय. कोणाकडून, ते ठरायचंय.

२७ सप्टेंबर, शनिवार

बातम्यांत नुसता सीना नदीचा पूर. माढा, मोहोळ, पलीकडे धाराशिव. घरं, गोठे, उभी पिकं पाण्यात. अशात गाडीचा विषय काढायला मन होईना, पण स्कूटर दाखवायला गेले तेव्हा मेस्त्रींनीच काढला. "बाई, दोन-तीन म्हयन्यांत ह्यातल्या गाड्या बाजारात येत्याल. धुऊनपुसून, सेंट मारून."

२०१९ ला सांगली-कोल्हापूर बुडालं, २०२१ ला चिपळूण, गेल्या वर्षी जुलैत पुण्याची एकतानगरी. दर वेळी नंतर हेच झालं म्हणतात. विम्याची रीत अशी की दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा रकमेच्या ७५ टक्क्यांवर गेला की कंपनी 'टोटल लॉस' धरते आणि मालकाचे पैसे चुकते करते. गाडी भंगारात निघते. भंगारात घेणारा ती मोडतोच असं मात्र नाही.

पाण्यातली गाडी कशी ओळखायची, ते मेस्त्रींनी हाताची बोटं मोडत सांगितलं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढायचा, कारण धुणारा बाहेरचा हातभर धुतो, आत गुंडाळलेला तसाच राहतो. सीट ज्या पट्ट्यांवर सरकते त्यांचा गंज पाहायचा. स्टेपनी उचलून खालच्या खळग्यात माती आहे का ते चाचपायचं. कार्पेटचा कोपरा उचलून वास घ्यायचा. आणि सेंट जितका भारी, तितका संशय जास्त.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. हायवेच्या सर्व्हिस रोडवरचं एक मोठं आवार पाहून आले. झेंडूची तोरणं, बॉनेटवर हार, काचेची केबिन. "या ताई, बसा. चहा की थंड?"

गाडी २०१८ ची, पांढरी. "सिंगल ओनर, डॉक्टरांची गाडी." जुनी गाडी नेहमी डॉक्टरांची नाहीतर बँक मॅनेजरची असते; वायरमनची, वकिलाची, माझ्यासारख्या मास्तरणीची गाडी विकायला येतच नाही बहुतेक. मीटरवर ३८ हजार किलोमीटर. पण क्लचच्या पेडलवरचं रबर गुळगुळीत आणि स्टिअरिंगची वरची बाजू चकाकत होती. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. इथे चारही टायरवर १४२१. म्हणजे २०२१ च्या एप्रिलातले, आणि तेही झिजत आलेले. ३८ हजारांत टायरचा पहिला संच संपून दुसराही संपायला आला? असल्या मीटरला लॅपटॉप जोडून हवा तो आकडा लिहिता येतो, हे मेस्त्रींनी आधीच सांगून ठेवलं होतं.

बॉनेटला हात लावला तर गरम. मी येणार म्हणून आधीच फिरवून ठेवली होती. थंड इंजिन पहिल्यांदा सुरू होताना जो आवाज आणि जो धूर येतो, त्यात गाडीचं निम्मं दुखणं कळतं. नेमकं तेच पाहता आलं नाही.

"आमच्या मेस्त्रींकडे नेऊन दाखवते."

"गाडी बाहेर देत नाही ताई. आमच्याकडे सगळं चेक झालेलं असतं."

फोनवर एमपरिवहनमध्ये नंबर टाकला तर बँकेचा बोजा अजून तसाच. त्यावर उत्तर, "हप्ते फिटलेत ताई, फॉर्म ३५ तेवढा राहिलाय, होऊन जाईल." मालकाच्या सह्या घेतलेले नावांतराचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म ड्रॉवरमध्ये तयार, खरेदीदाराची जागा कोरी. मालक कुठे आहेत? "पुण्याला असतात, बिझी असतात." त्यांचा नंबर? "तुम्हाला कशाला लागतोय? विश्वास ठेवा ना ताई." आज मुहूर्त आहे, पाच हजार टोकन टाका, असं तीन-चारदा म्हणून झालं. शेवटी पक्क्या बिलाचं विचारलं, तर म्हणाला, बिल हवं असेल तर वर १८ टक्के पडतील.

चहा चांगला होता.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

१८ टक्क्यांचं रात्री तपासलं. जुन्या गाडीवर डीलरला जीएसटी भरावा लागतो हे खरं, आणि यंदाच्या १६ जानेवारीपासून छोट्या-मोठ्या सगळ्याच गाड्यांना तो १८ टक्के झाला हेही खरं. पण कर बसतो तो त्याच्या मार्जिनवर. ३ लाख ७० हजारांना घेतलेली गाडी ४ लाख १० हजारांना विकली तर मार्जिन ४० हजार आणि कर ७,२००. तो माझ्याकडून मागत होता पूर्ण किमतीवर, म्हणजे ७३,८००. हा आकडा ऐकून कोण बिल मागेल? बिल नको म्हणावं, यासाठीच तो आकडा सांगायचा.

६ ऑक्टोबर, सोमवार

स्टाफरूममध्ये हे सांगितलं तर अर्थशास्त्राचे सर खुशीत आले. म्हणाले, तुमच्या डॉक्टरांच्या गाडीवर नोबेल मिळालंय. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला. आधी तीन नियतकालिकांनी तो परत पाठवला होता. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : गाडीचं खरं रूप विकणाऱ्याला ठाऊक असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना मध्यम भाव देतो. त्या भावात चांगली गाडी विकणं मालकाला परवडत नाही, तो बाजारातून बाहेर पडतो. मागे राहतात त्या खराब गाड्या. मग भाव आणखी उतरतो, आणखी काही चांगल्या गाड्या बाहेर पडतात.

मला आवडलं ते पुढचं. हे गृहस्थ साठीच्या दशकात वर्षभर दिल्लीला येऊन राहिले होते, आणि त्या निबंधात बाजारातल्या तांदळातून खडे वेचणारी भारतीय गृहिणीही आहे. खडे चुकून आलेले नव्हेत, तांदळाच्याच रंगाचे, आकाराचे, मुद्दाम मिसळलेले. आईने सुपात तांदूळ घेऊन घातलेले तास आठवले. अर्थशास्त्राच्या हिशेबात ते तास अप्रामाणिकपणाची किंमत, भरायची आईने.

मग यावर उपाय काय? सर म्हणाले, उपायही त्यानेच लिहिलेत. हमी, नावाजलेला ब्रँड, परवाना. म्हणजे असं काहीतरी, की खोटं बोलल्यावर विकणाऱ्याचंही नुकसान व्हावं. अ‍ॅकरलॉफला नोबेल मिळालं २००१ मध्ये. आपल्याकडे मारुतीने जुन्या गाड्यांसाठी ट्रू व्हॅल्यू सुरू केलं तेही २००१ मध्येच.

घरी येताना एसटीत हेच डोक्यात. डीलर मालकाकडून स्वस्तात घेतो, मला महाग विकतो. मधले तीस-चाळीस हजार मी त्याला का द्यायचे? गाडी धुऊन ठेवल्याबद्दल नक्कीच नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार

कोल्हापूर. एका कंपनीचं जुन्या गाड्यांचं शोरूम. इथे सगळं छापील. तपासणीचा लांबलचक तक्ता, पक्कं बिल, वर्षभराची वॉरंटी. तशीच २०१८ ची गाडी, पण भाव साताऱ्यापेक्षा पन्नास-साठ हजारांनी जास्त, आणि घासाघीस नाही.

वॉरंटीची पुस्तिका मागितली. विक्रेत्या मुलीला नवल वाटलं, पण तिने शोधून दिली. इंजिन आणि गिअरबॉक्स हमीत. क्लच, बॅटरी, टायर, सस्पेन्शन, एसीचा गॅस बाहेर. ठरलेल्या ठिकाणीच सर्व्हिसिंग केलं नाही तर हमी रद्द. हे लपवाछपवीचं नव्हे, सगळं छापलेलं आहे. पण 'वॉरंटी आहे' एवढं ऐकून सही करणारा मनात वेगळीच वॉरंटी धरून बसतो.

तरीही इथे जाब विचारायला पत्ता आहे. खिशात साठ हजार जास्त असते तर आजच घेतली असती.

१२ ऑक्टोबर, रविवार

भाच्याने तिसरा मार्ग काढला, डीलर नकोच, थेट मालकाकडून घ्यायची. त्याने शोधलेले काका साताऱ्यातलेच, निवृत्त. गाडी जिवापाड सांभाळलेली. पण आरसी पाहिली तर तिच्यावर नाव दुसऱ्याच कुणाचं. काकांनी चार वर्षांपूर्वी घेतली ती कोऱ्या फॉर्मवर. नावावर करायची राहून गेली. "ओळखीचाच माणूस होता हो, काही अडलं नाही कधी."

अडलं नाही हे त्या ओळखीच्या माणसाचं नशीब. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिलेल्या एका खटल्यात पहिल्या मालकाने गाडी २००७ मध्येच विकली होती. ती पुढे आणखी हात फिरली, नोंद कोणीच बदलली नाही, आणि २००९ मध्ये तिने अपघात झाला. भरपाईची जबाबदारी न्यायालयाने ज्याचं नाव आरटीओच्या नोंदीत होतं त्याच्यावर टाकली. म्हणजे दोन वर्षांपूर्वीच गाडी विकून मोकळा झालेल्या माणसावर.

काका भले आहेत. पण मला गाडी देण्याचा अधिकार कागदावर त्यांना नाहीच. शिवाय दोन खाजगी माणसांतला व्यवहार ग्राहक आयोगात नेता येत नाही. तिथे समोर व्यापारी लागतो. डीलरला द्यायच्या मार्जिनचा अर्थ इथे मला पहिल्यांदा नीट लागला. ते पैसे उद्या प्रश्न विचारता यावा म्हणून द्यायचे. जो डीलर बिल देत नाही, मालकाचा नंबर देत नाही, कागदावर स्वतःचं नाव येऊ देत नाही, तो हे मार्जिन घेऊन नेमकं काय विकतो? त्याच्यापेक्षा काका बरे.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

डीलरचं नाव कागदावर यावं म्हणून नियम झालेला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, १ एप्रिल २०२३ पासून ती लागू आहे. जुन्या गाड्यांच्या डीलरने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं, फॉर्म २९बी. मुदत पाच वर्षं. मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिली की फॉर्म २९सी भरून तसं कळवायचं. तिथून पुढे गाडीची जबाबदारी डीलरवर येते. नावांतरासाठी, एनओसीसाठी तो स्वतः अर्ज करू शकतो. आवारातली गाडी रस्त्यावर काढायची ती ट्रायलला, दुरुस्तीला, रंगाला. आणि प्रत्येक फेरीची नोंद ठेवायची.

दसऱ्याच्या त्या तरुणाला मी २९बी विचारायला हवं होतं. आता प्रत्येकाला विचारते. आज फोनवर दोघांना विचारलं. एकाने "ते काय असतं?" म्हटलं, दुसऱ्याने "मॅडम, तुम्ही आरटीओत आहात का?"

तिसरा, कराडच्या अलीकडचा. "आहे. भिंतीवर लावलंय. या बघायला."

१८ ऑक्टोबर, शनिवार

धनत्रयोदशी. मेस्त्रींना घेऊन कराडला. भिंतीवर अधिकारपत्र, शेजारी गाडगेबाबांची तसबीर. आवार साधं, वर पत्रा, फार तर दहा गाड्या. मालक साठीचे. मी विचारण्याआधी म्हणाले, "डावा फेंडर बदललाय. रिक्षा घासली होती. बिल फाइलमध्ये आहे. ए बारक्या, फाइल आण." मीटरवर ६१ हजार. फाइलमध्ये सर्व्हिसिंगची जॉब कार्डं, प्रत्येकावर तारीख आणि त्या दिवशीचं मीटर, सलग चढत गेलेलं.

बॉनेट गार होतं. मेस्त्रींनी स्वतः स्टार्टर मारला आणि सायलेन्सरमागे जाऊन उभे राहिले. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा निघतच राहिला तर इंजिनात कूलंटचं पाणी शिरतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त. काहीच आलं नाही. इंजिन पुन्हा थंड झाल्यावर ऑइलचं झाकण उघडून आतली बाजू पाहिली, दुधी फेस नाही. दारांची रबरं ओढून वेल्डिंगचे कारखान्यातले गोल ठिपके बोटाने मोजत गेले. पिलर ठोकून नीट केलेला असेल तर ते ठिपके राहत नाहीत. फेंडरच्या बोल्टचा रंग उडालेला, म्हणजे मालक सांगत होते तसंच. आतला अ‍ॅप्रन सरळ. सगळ्या काचांवर एकाच कंपनीची खूण आणि एकच वर्ष.

मग मला म्हणाले, "बाई, चावी अर्धी फिरवा. एअरबॅगचा दिवा पेटतो का बगा." पेटला आणि काही सेकंदांनी विझला. "पेटलाच न्हाई तर समजायचं, बिघाड झाकायला दिवाच काढलाय." स्कॅनर लावला. सकाळीच कोणी जुने कोड पुसून ठेवले असते तर तेही त्यावर कळतं. गाडीच्या आतल्या चाचण्या अपूर्ण दिसतात. सगळ्या पूर्ण. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिला, स्टेपनीखाली हात घातला.

निघालं ते एवढंच. एसी मंद, पुढचे दोन टायर वर्षभराचे सोबती, जॅक गायब.

ट्रायलला निघताना मालकांनी कॉम्प्युटरवर वेळ, मीटर आणि माझं नाव टाकायला लावलं. मी काही म्हणायच्या आत, "नियम आहे." परत आल्यावर मी मालकाचा, म्हणजे ज्यांची गाडी त्यांचा, नंबर मागितला. त्यांनी तिथूनच फोन लावून माझ्या हातात दिला. ताई सांगलीच्या, वकील. (डॉक्टर नव्हे.) त्यांची गाडी पुरात होती का, हे विचारताना अवघडले. त्या म्हणाल्या, "२०१९ ला आम्ही तिसऱ्या मजल्यावर होतो आणि गाडी मिरजेला, माहेरी."

शेवटचा प्रश्न मुद्दाम राखून ठेवला होता. गेल्या चार-सहा महिन्यांत ज्यांना गाडी विकली अशा दोघांचे नंबर द्याल? गाडी विकेपर्यंत सगळेच फोन उचलतात. पैसे पोचल्यावर कोण उचलतो, ते आधीच्या गिऱ्हाइकालाच ठाऊक. मालकांनी वहीतून काढले आणि म्हणाले, "पहिले जरा चिडतील. त्यांची आरसी दोन महिने लटकली होती." खरंच चिडले. पण हेही म्हणाले, की दर आठवड्याला माणूस आरटीओत जात होता आणि कळवत होता.

या माणसाने दिवसभरात एकदाही 'विश्वास ठेवा' म्हटलं नाही. "बघून घ्या" मात्र किती वेळा म्हणाले!

१९ ऑक्टोबर, रविवार

भाव ठरला, नावांतराच्या खर्चासकट चार लाख दहा. भाच्याचं मत, मालक फार गोड माणूस दिसतोय म्हणून सावध राहा. गोड अजिबात नाहीत, उलट तुसडेच. तरी भाच्याचं ऐकून लेटरहेडवर लिहून मागितलं. चेसिस आणि इंजिन नंबर, आजचं मीटर, पुरातली किंवा टोटल लॉसमधली गाडी नाही, बोजा नाही, आजवरची ई-चलनं डीलरने भरायची, यातलं काही खोटं निघालं तर पैसे परत. आरसी माझ्या नावावर होईपर्यंत पंधरा हजार माझ्याकडे. शेवटच्या कलमावर त्यांनी थोडी कुरकुर केली, मग सही केली. पैसे बँकेतून, दुकानाच्या खात्यावर. मार्जिनवरचा कर दाखवून बिल.

फसगत झालीच तर पुढचा रस्ताही पाहून ठेवलाय. २०१९ च्या ग्राहक कायद्याने मी राहते त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. त्याआधी ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला फोन. पण हातात हा कागद नसेल तर आयोगापुढे ठेवायचं काय?

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

भाऊबीज झाली, गाडी आली. डिलिव्हरी नोटवर तारखेबरोबर वेळही घातली, दुपारचे १२.४०. त्याआधीचं चलन त्यांचं, नंतरचं माझं.

लगेच विम्याचा अर्ज. समोरच्याला इजा झाली तर त्याचा विमा गाडीबरोबर आपोआप येतो. माझ्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा येत नाही. त्यासाठी चौदा दिवसांत कंपनीला कळवायचं. आधीच्या मालकीणबाईंचा नो क्लेम बोनस त्यांच्याबरोबर गेला. तो माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. त्या फरकाचे पैसे भरले. 'विमा चालू आहे, मार्चपर्यंत बघायला नको' असं सांगणारे डीलर ही गोष्ट सांगत नाहीत. यांनी अर्जच भरून ठेवला होता.

१५ नोव्हेंबर, शनिवार

रोज कोरेगाव. गाडी बरी चालते. एसीत गॅस भरला. एमपरिवहनवर काल माझं नाव दिसलं, अर्धं चांदण्यांनी झाकलेलं, पण माझं. पंधरा हजार पाठवले.

संध्याकाळी कराडहून फोन. "मॅडम, एक गिऱ्हाईक आलंय. मागच्या दोघांचे नंबर मागतंय. तुमचा देऊ का?"

म्हटलं, "द्या. पण जॅक अजून आला नाही, तेही सांगणार."

"सांगा की."